पोटात ठेवलेली गोष्ट

किल्ली मी ॲपच्या पोटात ठेवली होती.
उघडी नव्हती ठेवली, तेवढी काही मी भोळी नाही:
दोन तुकडे केले, एक उलटा लिहिला
आणि त्या फाइलला नाव दिलं ‘रंगछटा’.
रंगछटा कोण उघडून बघतंय?

किसुमूच्या डुंगा किनाऱ्यावर एकशे बारा होड्या.
प्रत्येकीत एक फोन, प्लास्टिकच्या पिशवीत, गाठ मारून.
संध्याकाळी वाऱ्याचा अंदाज, पहाटे ओमेनाचा भाव,
एवढंच माझं ॲप.
वारा सांगणारी कंपनी समुद्रापलीकडे कुठेतरी.
ती फक्त किल्ली ओळखते,
हात कुणाचा, ते विचारत नाही.

ज्याने ती काढली त्याला मी कधी पाहिलं नाही.
माझ्या मनात तो एकोणीस वर्षांचा आहे,
शेंगदाणे खात बसलेला, वाईटही नसावा.
अवजार फुकट मिळतं.
पुडी संपायच्या आत त्याने तुकडे जुळवले असतील.
मग एका रात्रीत चार लाख वेळा
माझ्या नावाने विचारलं गेलं: वारा कसा आहे?
कुठल्या कुठल्या शहरांतला,
जिथे माझी एकही होडी नाही.

पहाटे तीनला कंपनीने किल्ली बंद केली.
होड्या तेव्हा पाण्यात होत्या.
फोनवर वाऱ्याच्या जागी एक आडवी रेघ.
ओडेराने ती वाचली: वारा नाही.

तो परत आला. दुपारी,
दुसऱ्याच्या होडीला बांधलेला, जाळं गमावून.
माझ्याशी बोलला नाही.
फोन माझ्यासमोर दगडावर ठेवला,
पिशवीची गाठही न सोडता.

आई म्बुता चिरत होती. मी शेजारी बसले.
बिलाचा आकडा सांगितला,
तिच्या तीन वर्षांच्या माशांएवढा,
आणि बाकीचं जमेल तसं.
तिने सुरी फिरवली, आतडी बाजूला सारली
आणि पोटातून एक गळ काढला,
गंजलेला, कुणाचा तरी, दोरीच्या तुकड्यासकट.
“याला वाटलं असेल, गिळलं म्हणजे लपलं.
मासा विकला, अकेयो,
की पोट घेणाऱ्याचं.”

त्या रात्री जुनी किल्ली मारली, नवी घेतली.
जुनी माझ्या कोडच्या इतिहासातही निघाली,
सात ठिकाणी.
नवी आता होडीत चढतच नाही.
किनाऱ्यावर राहते, माझ्या सर्व्हरमध्ये.
फोन मला विचारतो, मी कंपनीला.
त्याच्याकडे नुसती एक चिठ्ठी:
त्याच होडीच्या नावाची, उजाडेपर्यंतची,
वीसदा विचारण्यापुरती.
चोरायची तर चोरा.
वीसदा वारा विचारून कुणाचं घर बुडत नाही.

आणि ती रेघ काढून टाकली.
अंदाज नसेल तेव्हा तिथे आता धोलुओत उमटतं,
मोठ्या अक्षरांत:
मला माहीत नाही. आभाळ बघ.

ओडेराने ॲप पुन्हा घेतलंय का, ठाऊक नाही.
बघता येईल, सर्व्हरवर नोंद असते.
काल संध्याकाळी एकशे अकरा चिठ्ठ्या गेल्या.
नावं मी अजून वाचलेली नाहीत.