घडी

महापे एमआयडीसीत शुक्रवारी रात्री वीज गेली,
जनरेटर उठलाच नाही.
अकरा महिन्यांचं एन्झाइम
सोमवारी नळीत
नासक्या दुधासारखं.

घडी मोडली, मी म्हटलं.
साखळीत मणी तेच, तीनशे बारा,
एकही सुटला नाही,
फक्त कुठं वळायचं ते विसरले.

भोईरकाका काचा धूत होते.
म्हणाले, आमच्या हिनं लग्नातला शालू
एकदाच घडी मोडून ठेवला.
पुन्हा घालायला घेतली की
जुन्याच रेघांवर आपोआप दुमडतो.

मी हसले नाही.
सगळं युरियात विरघळवलं
आणि बफरचा एकेक थेंब
सोडत बसले.

बुधवारी पहाटे, खाडीचा वास आत येताना,
एका नळीत पिवळा रंग उमटला.
बाकीच्या तेवीस
अजून गढूळ.