चार मिनिटं वीस सेकंद

औसा रोड, तिसरा मजला,
शिडीच्या सातव्या पायरीवर मी.
रविवार, रात्रीचे साडेदहा.
शिडी लावायची म्हणून पंखे बंद,
आणि लातूरचा मे छताला चिकटून बसलेला.

सहा वर्ग, सहा छतं, सहा पांढऱ्या ताटल्या.
यांच्यावर मुकादम नाही.
एकीला सांगितलेलं दुसरीला कळत नाही,
म्हणून तेच सहा वेळा सांगत फिरायचं,
दर वेळी शिडी उचलून:
दोनशे एकोणचाळीसपासून सुरू होणारा एक पत्ता
जो कुणाच्याच घराचा नसतो,
मागेल त्याचा असतो.

उद्या सकाळी सातला तत्तापुरे सर
पहिल्या वर्गात बेंझीनचं कडं काढतील,
ते उरलेल्या पाच वर्गांत
पोरांच्या टॅबवर उमटलं पाहिजे.
"एकदाच शिकवणार," म्हणाले, "घसा एकच आहे."

जिन्याखालच्या सहाव्या वर्गात
इरण्णा मडोळे, रातपाळीचा वॉचमन,
कोपरा उडालेला एक टॅब धरून बसलाय.
तो माझा शेवटचा बाक.
"दिसायलंय का?"
"दिसायलंय ताई. फळा दिसायलाय. सरचा हात दिसायलाय."
मग जरा वेळानं,
"थांबलं."

पहिल्यांदा वाटलं, भिंत जाड.
वेग वाढवून बघितला, चोवीसवर नेला.
जवळच्या बाकांना लख्ख,
जिन्याखाली मात्र सरांच्या तोंडाचे चौकोन चौकोन.
मुकाट्यानं परत खाली आणला,
चित्रच लहान केलं.
अक्षर वाचता आलं की झालं.

"कामून असं होतंय?" इरण्णानं विचारलं.
मी म्हटलं, गल्लीत टँकर येतो ना,
तो काय घरोघरी जात नाही.
भोंगा एकदा. ज्यानं हंडा लावला त्याचा भरला.
सांडलं तर सांडलं, परत ओतत नाहीत.
आणि हवेतून जाताना हे चालतं
सगळ्यांत हळू चालणाऱ्याच्या चालीनं,
लांबच्यालाही गाठता यावं म्हणून.
"मग हे तर बरंय की," तो म्हणाला.
आमच्या धंद्यात याला दोष म्हणतात.
मी बोलले नाही.

तरी थांबतच होतं.
तिसऱ्या वेळी घड्याळ लावलं.
चार मिनिटं वीस सेकंद.
चौथ्या वेळीही, तेवढेच.
भिंत इतकी वक्तशीर नसते.

कपाटात, जुन्या उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यामागं
स्विच मिणमिणत होता.
कोण ऐकतंय याची वही त्याच्याकडं,
पण "ऐकताय का अजून?" हे मधूनमधून विचारायचं काम
अख्ख्या इमारतीत कुणालाच नेमलेलं नव्हतं.
टॅबनं सुरुवातीला एकदा सांगितलेलं, मी आहे.
पुन्हा कुणी विचारलं नाही,
त्यानंही आपणहून सांगितलं नाही.
चार मिनिटं वीस सेकंद वाट बघून
स्विच दार ओढून घ्यायचा.
आत टॅब जागाच.

एक खूण केली. फक्त एक.
आता दर दोन मिनिटं पाच सेकंदांनी
स्विचच हाक मारणार.

पाच मिनिटं झाली. दहा. वीस.
इरण्णा म्हणाला, "आमच्या गुर्जीनं
चौथीत पटावरून नाव काढलं होतं माझं.
तापानं पडलो होतो घरी.
इचारायलाच कुणी आलं न्हाई."
एवढं बोलून त्यानं टॅब पुसला,
पुसायची काही गरज नव्हती.

साडेबारा. मी वायर गुंडाळली,
शिडी घडी करताना बोट चेपलं,
जिन्यावरून हाक मारली, "ठेवा आता इरण्णा, चालू राहतंय."
त्यानं मान वर केली नाही.
सराव म्हणून लावलेला गेल्या वर्षीचा तास
शेवटाकडं आला होता.
"ह्याला सहाच बाजू कामून ताई?"
मला कुठं ठाऊक. म्हटलं, उद्या सरांना विचारा,
सातला तास आहेच.

"सातलाच सुटती की माझी ड्यूटी."