नियम चौथा

त्बिलिसीतल्या आमच्या इमारतीची लिफ्ट नाणं खाते.
वर जायला एक, खाली यायला एक.
म्हणून एतेरीने अंगणात, डोमिनोच्या टेबलापासून चार पावलांवर,
फळकुटांचे तीन कप्पे ठोकले, तेव्हा
आठव्या मजल्यावरून पहिला प्रश्न आला :
आता सालांचंही भाडं भरायचं का?

तोडगा गोचाने काढला. दोर.
त्याच्या आईच्या काळी पाव दोरानेच वर यायचा,
आता कांद्याची सालं खाली जातील, एवढंच.
पहिल्या रविवारी अकरा बादल्या उतरल्या.
एक पाचव्या मजल्यावरच्या वाळत्या चादरीवर उपडी झाली.
त्यावर जे बोललं गेलं ते इथे लिहीत नाही.

जूनमध्ये ढीग नासला.
डोमिनोवाल्यांनी नाकं मुरडत टेबल पलीकडे नेलं.
पालिकेला अर्ज गेला, खाली सव्वीस सह्या,
त्यातली एक माझी.
एतेरीने अर्जाची प्रत वाचली,
शुद्धलेखनाची एक चूक दुरुस्त केली
आणि सुतार तामाझकडे भुसा मागायला गेली.
चाळीस वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवलेली बाई.
"ओलं तेवढंच कोरडं," ती म्हणाली,
"आणि मधूनमधून उलथा.
कुजणं आणि मुरणं यांत अंतर असतं
एका श्वासाचं."
मग पाटी लावली : हाडं नकोत. तेल नको. चीज नको.
आणि चौथा नियम, दोनदा अधोरेखित :
संत्र्या-लिंबांची सालं नकोत.

बारा वर्षांनी उकिरड्याचाही पांग फिटतो म्हणतात,
आमचा पाच महिन्यांत फिटला.
नोव्हेंबरात ढिगातून वाफ निघू लागली
आणि डोमिनोवाले टेबलासकट परत आले,
दोन डावांमध्ये हात शेकायला.

नवव्या मजल्यावरून मात्र दोर कधी आला नव्हता.
लामारा सुखुमीची. युद्धात दोन बॅगा घेऊन निघाली,
तीस वर्षं झाली, एक अजून बांधलेलीच आहे.
या अंगणात तिने साधं रोप लावलं नाही.
"दुसऱ्यांची माती," म्हणायची,
कुणी पत्ता सांगावा तशा आवाजात.

डिसेंबरातल्या एका सकाळी मी भुसा पसरत होते,
वरून काहीतरी उतरू लागलं, थांबत, थांबत :
कपडे वाळवायची दोरी, गाठी मारून लांबवलेली,
टोकाला जाम शिजवायचं भांडं.
आत मँडरिन संत्र्यांची सालं.
नुसती तीच. काठोकाठ.

मी पाटीकडे पाहिलं. मग एतेरीकडे.
ती घरात गेली, शिवणाची कात्री घेऊन आली,
डोमिनोच्या टेबलावर बसून
एकेक साल नखाएवढी कातरत राहिली
तासभर, बोटांना वास चढेपर्यंत,
आणि मधल्या कप्प्यात, जिथे ऊब सगळ्यात जास्त,
पानांच्या दोन थरांमध्ये ती निजवली.

पाटीवरचा चौथा नियम तसाच आहे.
रिकामं भांडं वर जाताना दोनदा भिंतीवर आपटलं.
गोचा मान वर करून बघत होता.
"तिसरी गाठ सुटणार," तो म्हणाला,
"तिला नीट दोर द्यायला हवा."