आठ सेकंद

आज कंपनीने डिझायनर पाठवला.
तोकिता. चाळिशीच्या अलीकडे-पलीकडे.
नवं हेल्मेट, नवे हातमोजे,
हातमोज्यांची घडीसुद्धा मोडलेली नव्हती.

मी म्हटलं, ये. हे तुझंच ना?
पट्ट्यावर एक वॉशिंग मशीन,
बारा वर्षं कुणाच्या तरी घरी राबून आलेलं,
झाकणावर पोराने चिकटवलेला अर्धा बेडूक,
आणि पाठीवर पावती:
टाकणाऱ्याने टाकण्याचे पैसे मोजलेत.
(ज्यांना मोजायचे नसतात ते रात्री
डोंगरातल्या वळणावर सोडून येतात.
तीही कधीतरी येतात आमच्याकडे, पोटात पानं घेऊन.)

"माझंच," तो म्हणाला आणि कमरेत वाकला.
मला की मशीनला, कळलं नाही.

माझी तीस वर्षं जोडण्यात गेली,
पलीकडच्या इमारतीत.
एका पाळीला चारशे पंप. झोपेतसुद्धा
मनगट उजवीकडे वळायचं.
मग कायदा आला, ज्यानं केलं त्यानंच निस्तरायचं,
आणि पुढे कधीतरी मला या बाजूला आणलं.
सात वर्षं झाली, मनगट डावीकडे वळतंय.
डॉक्टर म्हणतात, हिसाए-सान,
दुखणं तेच आहे.

तर तोकिताने स्क्रूड्रायव्हर उचलला.
मागचा पत्रा निघाला. वरचं पॅनल निघालं.
ड्रम गरगरताना डोलू नये म्हणून
कडीत मिठाचं पाणी कोंडलेलं असतं,
हे त्याला माहीत होतं, कागदावर.
कडीला भोक पाडलं तेव्हा तो बादली विसरला
आणि तो एवढासा समुद्र
सगळा त्याच्या उजव्या बुटात गेला.
पोरं हसली. मी नाही हसले.
पहिल्या दिवशी माझाही डावा बूट भिजला होता.

मग तो अडला.
तळाशी, मोटारीच्या मागे, एक स्क्रू,
हात पोचेल पण डोळा पोचणार नाही असा,
आणि शेजारी गोंद, दगडासारखा.
तो वाकला, आडवा झाला, आरसा मागितला.
वीस मिनिटं.
पट्टा थांबवलेला. मागे रांगेत
कुणाची झाकणं उघडी, कुणाच्या नळ्या लोंबत,
सगळी बघत असल्यासारखी.

"गोंद कुणी सांगितला?"
"मी." मग बऱ्याच वेळाने,
"तिथे दोन स्क्रू होते. एकाच्या जागी गोंद लावला
की जोडताना आठ सेकंद वाचत होते."

आठ सेकंद.
मी मनात चारशेने गुणले. जवळजवळ तास.
असे आठ-नऊ तास इकडून तिकडून गोळा केले
की एक बाई होते.
त्या वर्षी आमच्या रांगेतून मिझुए गेली.
माझ्या डावीकडे बसायची,
डब्यातला खारवलेला आलुबुखार न विचारता
माझ्या भातावर ठेवायची.
मी त्याला हे सांगितलं नाही.
त्याने तर फक्त सेकंद पाहिले होते.

"तुम्ही हे कसं काढता?" त्याने विचारलं.
मी हातोडा दिला.
फुटलं. तळाचं प्लास्टिक, गोंदासकट, तीन तुकड्यांत,
ना या पेटीत घालण्यासारखं, ना त्या.
हाताने मारलेली गाठ दाताने सोडवावी लागते, खरंय,
पण आजवर हात तुमचे होते
आणि दात आमचे.
हे मात्र मी बोलले.
त्याने वहीत लिहून घेतलं. शब्दन् शब्द की नुसता गोंद,
देव जाणे.

पुढचं मॉडेल तो बदलेलही.
एकाच डोक्याचे स्क्रू, बाण काढलेला, गोंद नाही.
ते मशीन विकलं जाईल, राबेल, थकेल,
आणि इथे येईल तेव्हा
या जागी दुसरंच कुणी असेल,
त्याला कळणारही नाही की काहीतरी सोपं गेलं.

जाताना तो झाकणापाशी थांबला.
नखाने बेडूक सोडवला.
अलगद निघाला, अख्खा, म्हणजे अर्धा.
तो त्याने वहीत चिकटवला,
आणि एका बुटाची पचपच करत
सुटीच्या भोंग्याआधी निघून गेला.