हरळी, चौरस फुटाच्या भावानं

हरिपूर रोडला मगदूम मॅडमच्या बंगल्यात
लॉन हवंय, नातीच्या वाढदिवसाआधी.
मी टेप धरतो, गुंडू आकडे सांगतो:
आठशे चाळीस फूट. त्यातले तीनशे
करंजाच्या सावलीतले.
तिथं नाही जगायचं, मी म्हणतो.
"मग करंज काढा," त्या म्हणतात चष्मा पुसत,
जसं म्हणावं, तेवढा कप उचला तिथला.

मी वहीत दोन रकाने पाडतो. सवय आहे.
झाड: पाणी शून्य, खत शून्य.
फाल्गुनात आठ दिवस पानगळ, झाडून हात दुखतात.
मग पालवी, इतकी चकचकीत
की तेल लावल्यासारखी,
आणि जांभळट फुलांचा कोंडा गाडीच्या टपावर.
गवत: रोज संध्याकाळी पाणी,
महिन्यातून दोनदा कापणी,
आणि एप्रिलात दुपारी बारा वाजता
त्यावर पाय ठेवायला कुणी येत नाही.
पण लिहायचं तर खरं लिहावं.
गवत असलं की फरशीची झळ घरात शिरत नाही.
गवतावर पोर पडलं तर गुडघा फुटत नाही,
झाडावरनं पडलं तर हात मोडतो.
माझा मोडलाय.

करंजाच्या बुंध्यावर, माझ्या छातीशी येईल अशी,
मळकट रेघ आहे.
पुराच्या साली कृष्णा इथवर.
भिंतींवरची रेघ डिस्टेंपरखाली गेली,
झाडाला कुणी रंग दिला नाही.
पाणी उतरलं, चिखलाच्या खपल्या झाल्या,
तेव्हा त्या फटींतनं सगळ्यात आधी जे वर आलं
ते कुणी लावलेलं नव्हतं.
हरळी.
मी आज लावणार तीच. फुटाला बावीस रुपये.

बिलावर बर्म्युडा, पूजेच्या ताटात दूर्वा,
आणि कवठेमहांकाळच्या आमच्या रानात
आबा तिला जे म्हणायचे
ते मॅडमसमोर सांगण्यासारखं नाही.
हातभर खणायचं, कांडी न तोडता उपसायची,
बांधावर वाळवायची, पेटवून द्यायची.
शंभर कांड्यांना मला एक लिमलेटची गोळी.
महिन्यानं बघावं तर रान पुन्हा हिरवं.
"हरळीची मुळी हाय ही," आबा म्हणायचे.
त्यात राग किती आणि कौतुक किती
मला अजून कळलेलं नाही.

आज आबा सोबत आहेत.
काल मिरजेत मोतीबिंदू काढला, डोळ्यावर हिरवी पट्टी,
दुसऱ्या डोळ्याला तसंही फारसं दिसत नाही,
एसटी चारला.
करंजाखाली पोतं टाकून बसवलंय.
मीटरवाल्यानं तिथंच डबा खाल्ला,
दूधवाला बुंध्याला टेकून फोनवर भांडून गेला,
आणि आता मॅडमनीही खुर्ची बाहेर आणलीय,
आबांना विचारतायत, टाका घातला का,
पथ्य काय सांगितलंय.
झाड काढायचा विषय कुणी काढत नाही.
मीही नाही. मी सावलीच्या कडेकडेनं
गुंडाळ्या उलगडत जातो,
गुंडू पाणी मारतो, थापीनं ठोकतो.

तीन वाजता पाठ सरळ करून मागं वळतो
तर आबांचा हात लॉनच्या काठाला पोचलाय.
बोटं कांडी चाचपतात, पेर मोजतात,
मातीत शिरतात, हळूच,
तुटू न देता ओढतात.
पोत्याशेजारी नीट ढीग,
मुळ्या उन्हाकडे केलेल्या.
दीड फूट तरी गेलं असेल. तेहेतीस रुपये.

मॅडम बघतायत. मी बघतोय.
गुंडूनं पाइप तसाच धरलाय, पाणी भलतीकडेच चाललंय.

"लई माजलीय रं," आबा म्हणतात.
"किती राहिलं अजून?"