अर्धा मिलीमीटर

केसपेपरवर व्यवसाय लिहायचा असतो.
अंताराम लोणारे, वय एकसष्ट, राहणार गड्डीगोदाम,
म्हणाले, "लिहा, मजुरी."
मग खुर्चीवरच्या दिव्याकडे बघत राहिले.
"खोडा ते. सॅक्सोफोन लिहा."
मी खोडलं. शाई पसरली.

वरचे पुढचे दोन दात हलत होते
आणि दोघांच्या धारेवर एक खाच,
काळ्या तोंडीवर चाळीस वर्षं टेकून पडलेली,
विहिरीच्या काठावर दोराची पडते तशी.
खालच्या ओठाच्या आत घट्टा.
आमच्या पुस्तकात अशा घट्ट्याचा फोटो आहे.
खाली लिहिलंय: कारण शोधा.

कारण माझ्यापुढे आ करून पडलं होतं
आणि कापसाचे बोळे काढले की बोलायचं.

"अजनीच्या रेल्वे क्वार्टरात गार्डसाहेब होते एक.
पर्थले चालले, तवा म्हणे साडेतीनशे दे अन् घेऊन जा.
दोनशे देल्ले. बाकीचे पाठवतो म्हटलं.
पत्ता कुठी आहे त्याइचा?
दीडशाचं उधारीचं वाजवून राह्यलो, मॅडम, अजून."

शिकवणारं कोणी नव्हतं.
घरी वाजवलं तर शेजारीण विचारायची,
म्हैस विते का जी?
म्हणून रात्री नाल्याच्या पुलाखाली.

मग गणेशोत्सवातला ऑर्केस्ट्रा, चमकीचा कोट,
इतवारी, गोंदिया, बालाघाट, परत इतवारी.
पोस्टरवर गाणाऱ्याचं नाव,
खाली बारीक अक्षरात: आणि साथीदार.
"मंग एका साली कीबोर्ड आला.
त्या पोट्ट्यानं एक बटण दाबलं
अन् त्याच्या बोटाखालून माहा आवाज निघाला.
श्वास न घेता.
मी बाजूलेच उभा. पट्टा गळ्यात."

इथे त्यांनी चूळ भरली.
मी ट्रेमधली हत्यारं उगाच सरळ केली.

काढलेले दात त्यांनी मागून घेतले,
रुमालात बांधून बँडच्या कोटाच्या खिशात ठेवले.
कोटावर दुसऱ्याच कोणाचं नाव भरतकामात होतं.

ट्रायलला ते वाद्य घेऊन आले.
रीड जिभेखाली धरून सिटीबसने यायचे,
त्यामुळे पहिली पाच मिनिटं नुसती मान हलवत.
मग म्हणाले, "दिसाले कसेही चालतीन. वाजले पाह्यजे."
बाहेर बाकावर चाळीस माणसं,
एकाचा गाल सुजून डोळ्यापर्यंत आलेला.
पहिल्यांदा नुसती हवा गेली, पंक्चरसारखी.
मी घासलं. पुन्हा हवा.
तिसऱ्यांदा खालचा सा आला
आणि सुजलेल्या गालाने वळून बघितलं.

वरच्या सप्तकात मात्र एक शिट्टी राहिली,
कुकर अजून ठरवतोय तशी.
चार खेपा घातल्या त्यांनी.
तिसऱ्या खेपेला मी रात्री हॉस्टेलवर
कवळीचा साचा उशाशी घेऊन बसले होते.
चौथ्याला सर म्हणाले, पेशंट जेवतो ना? मग केस बंद करा.
जेवत होते. पोळीसुद्धा.
मी सही केली.
"राहू द्या, मॅडम," ते म्हणाले, "वरातीत कोणाले ऐकू येते?
मांगून डीजे असते."

मे महिना. पारा सेहेचाळीसवर जाऊन आलेला.
रात्री साडेदहाला मानेवाडा रोडवर वरात.
मी कूलर बंद केला.
ढोल, जनरेटर, कोणाच्या तरी मामाचं ओरडणं,
आणि त्या सगळ्यावर चढत गेलेला एक सूर,
शेवटच्या पायरीवर जरासा फाटलेला.
तीच शिट्टी.

गॅलरीत उभी राहून मी बोटं मोजल्यासारखी दाबली,
अंगठ्याचं नख पहिल्या पेरावर,
एवढंच काढायचं होतं.
खाली लोक नाचत होते.
त्यांना ती त्याची लकब वाटली असेल,
काहींना आवडलीही असेल,
कारण ती पुन्हा आली, मुद्दाम, लांबवून,
आणि माझ्या हातून राहिलेला अर्धा मिलीमीटर
दिव्यांच्या मधून पुढे गेला,
दहाच्या नोटा ओवाळून घेत.