जे घसरणार नाहीत त्यांच्यासाठी

मे महिन्यात, कर्वे रस्त्यावर, पहिल्या मजल्यावरच्या ऑफिसात
पंखा पाचावर ठेवून
मी बर्फाबद्दल लिहीत होतो.
गुलमर्गच्या पत्रकातली शेवटची चौकट रिकामी होती.
साहेब म्हणाले, "स्कीइंग न करणाऱ्यांसाठी टाक काहीतरी,
निम्मी माणसं नुसती सोबत म्हणूनच जातात."

टाकलं.
गोंडोला. स्लेज. देवदारांतून फेरफटका.
शेकोटी, काहवा, सूर्यास्त (ढग नसल्यास).
मी पाहिलेला बर्फ म्हणजे
मंगल कार्यालयाच्या मागच्या दारी
गोणपाटात गुंडाळलेली, भुसा लागलेली लादी.

रायरीकर बाई डहाणूकर कॉलनीतून आल्या,
एका गुडघ्याची वाटी नवी,
पत्रक चष्म्याच्या खालून वाचत.
"मुलगा-सून घसरणार. मी काय करायचं?"
"शेकोटी आहे ना."
"दोन तास धरू. पुढे?"
"सूर्यास्त."
"तो पर्वतीवरून फुकट दिसतो."
तरी चेक फाडला,
आणि पावतीवरची स्पेलिंगची चूक दाखवून गेल्या.

फेब्रुवारीत परत आल्या.
पर्समधून तेच पत्रक काढलं, लाल पेन्सिलीनं तपासलेलं.
गोंडोलापुढे: रांग अडीच तास. हे लिहायला हवं होतं.
काहव्यापुढे: बरा. दुसरा कप बरा नाही.
सूर्यास्तापुढे नुसती फुली.

मागच्या कोऱ्या बाजूला त्यांचं अक्षर,
टेलिफोन खात्यातलं, रजिस्टरात भरायचं, उभं.

"सकाळी सातला खिडकीशी बसावं.
छपरावरचा बर्फ आपसूक सुटतो,
गॅलरीतून कुणी गादी खाली टाकावी तसा आवाज.
दर वेळी दचकले. दर वेळी वाट पाहिली.

स्लेज माणूस ओढतो, हे तुम्ही लिहिलेलं नाही.
बशारत नाव, माझ्याहून फार तर दहा वर्षांनी लहान.
वीस पावलांवर मी उतरले.
रिकामी स्लेज मध्ये, आम्ही दोघं दोन बाजूंना, चालत.
हॉटेल दिसायला लागल्यावर तो म्हणाला,
मांजी, आता बसा,
लोकांना वाटेल मी तुम्हाला पाडलं.
म्हणून शेवटचं अंतर बसले. त्याच्यासाठी.

तिसऱ्या दिवशी उताराच्या खाली
प्लास्टिकच्या खुर्चीत, दोन शाली, मांडीवर कांगडी.
मुलगा अकरा वेळा पडला.
तो सात सांगतो.
लहानपणी तो चालायला शिकला तेव्हा
मी एक्स्चेंजमध्ये, रात्रपाळीला.
किती वेळा पडला, ते शेजारणीनं मोजलं असेल.
नसेलही."

एवढंच. खाली सही, तारीख.
मी वर पाहिलं तर बाई भिंतीवरच्या
स्वित्झर्लंडच्या कॅलेंडरकडे पाहत होत्या.
"जानेवारीचंच पान आहे अजून," म्हणाल्या.
मी उठून उलटलं.

साहेबांनी कागद वाचला, परत दिला.
"छापता येणार नाही."
खरं आहे. चौकट दोन इंचाची.
नव्या पत्रकात मी एवढंच वाढवलं:
खिडकी. सकाळी सातपासून. वेगळा आकार नाही.
प्रूफ पाहणाऱ्यानं ते छपाईची चूक समजून खोडलं,
मी परत लिहिलं.

त्या संध्याकाळी घरी जायच्या आधी वेताळ टेकडीवर गेलो.
गवत वाळून गुळगुळीत झालेलं,
चार-पाच पोरं फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा बुडाखाली घेऊन
उतारावरून येत होती, मुरमाचा धुरळा उडवत.
लाल शर्टातलं एक दर वेळी वळणाशी उलटायचं,
ढोपर झाडायचं, पुठ्ठा डोक्यावर घेऊन पुन्हा वर.

त्याचं कुणी आलेलं दिसत नव्हतं.
मी एका दगडावर बसलो.
तीन.
चार.